कोठीला कडी तू घातलीस, शालन

शालन, तू गेलीस हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही मेसच्या मागच्या दारात भाजी उतरवून घेताना. हुपरीहून येणारी ती भाजीवाली वांग्यांची गोणी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "ती तुमची भाकरीवाली मेली की. त्या पोराची आई." मी विचारलं, कधी? "झालं तीन दिस. पाय कुजलाता." मग तिनं विचारलं, कोथिंबिरीच्या पेंड्या किती ठेवू? आणि मी सांगितलं किती ते. मला सांगता आलं. तुझ्याशी बोलायला बसले आहे तर आधी हेच सांगते.

आपण दोघी एकोणीस वर्षं एका बोळाच्या अलीकडे-पलीकडे. मी मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात लेखनिक, तू समोर मेसमध्ये भाकऱ्या थापणारी. माझी खिडकी उघडी असली की तुझा थप-थप आवाज माझ्या टेबलावर यायचा. तुझा मुलगा सुहास दुसरीत असताना तुझा नवरा गेला, माझा त्यानंतर चार वर्षांनी. नवरा गेल्यावर मी इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसले होते, तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणी दोनदा आल्या. तू दर रविवारी यायचीस. फडक्यात भाकरी, वर झणझणीत खर्डा. "खा गं शमे, रडायला बी अंगात जोर लागतोय," म्हणायचीस. ईदला शीरखुर्मा दिला की वाटी चाटूनपुसून खायचीस आणि वर "लई ग्वाड केलायस" म्हणून तोंड वाकडं करायचीस. दर वर्षी. मी दर वर्षी चिडायची.

मयूरी आपल्याकडं आली ती गगनबावड्याकडच्या एका वाडीतून, एम.एस्सी.ला. पहिल्या दिवशी तिच्या कपड्यांना धुराचा वास होता, म्हणून खोलीतल्या मुली नाक मुरडत होत्या. तू त्या मुलींना म्हणालीस, "तिकडं चार म्हैनं ऊन न्हाय, पोरींनो. कापडं चुलीवरच वाळीवत्यात." त्या दिवसापासून ती तुझी झाली. तिला पित्त व्हायचं म्हणून तिची भाकरी वेगळी, पातळ, कमी तिखटाच्या आमटीबरोबर. ती तुला मावशी म्हणायची. तशा सगळ्याच म्हणायच्या, पण ती म्हणाली की तू तव्यावरून मान वर करून बघायचीस.

तुझा सुहास किराणा पोचवणारा छोटा टेंपो चालवायचा. मेसला पोती द्यायला यायचा. तिथंच त्यानं तिला बघितलं.

आता जे सांगणार आहे ते तुला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. तू ते बरोबर घेऊन गेलीस. म्हणून मी लिहिते आहे.

परीक्षा जवळ आलेल्या एका दुपारी मयूरी माझ्या ऑफिसात आली. दार लोटून घेतलं. "मॅडम, मावशींना वाईट वाटेल, पण त्यांचा सुहास माझ्या मागं मागं येतो. लायब्ररीपासून इथंपर्यंत. नंबर बंद केला की दुसऱ्या नंबरवरून मेसेज करतो. काल म्हणाला, नाही म्हणालीस तर बघून घेतो." मी तक्रारीची वही काढली. तारीख लिहिली. आणि पेन थांबलं. समोरच्या खिडकीतून तुझी पाठ दिसत होती. मी म्हटलं, "मी बघते. तू अभ्यास कर." ती "थँक्यू मॅडम" म्हणून गेली. तिचा चेहरा खरंच हलका झाला होता गं.

मी तुला सांगितलं. तू पिठाचे हात तसेच ठेवून ऐकलंस आणि म्हणालीस, "लिहू नगंस शमे. माझं काम जाईल. मी बघते त्याला." घरी जाऊन त्याला उलथन्यानं मारलंस. त्यानं पाय धरले, शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी तुझ्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, कारण मारताना उलथनं गरम आहे हेही तुला कळलं नव्हतं.

चार दिवसांनी तूच आलीस. तव्यावर भाकरी टाकून आली होतीस.

"शमे, लिही वहीत."

"आता कशाला? गप झालाय की तो."

"त्येची नजर मला बरी दिसंना. जेवत न्हाय, बोलत न्हाय. लिही, आणि रेक्टर मॅडमला दे. होऊ दे काय व्हायचं ते."

"पोरगी परत काही बोलली नाही. तू आपल्या हातानं आपल्या पोराचं वाटोळं करू नको."

"लिही म्हणते न्हवं!"

"शालन, भाकरी करपली बघ."

तू गेलीस. हे शेवटचं वाक्य माझं होतं. यावर तू-मी नंतर कधी बोललो नाही. वहीतली ती नुसती तारीख डोळ्यात खुपायला लागली, तेव्हा मी तिच्यापुढं लिहून टाकलं: दुसऱ्या मजल्यावरचा नळ गळतो.

पुढं तीन आठवड्यांनी, दुपारी चारच्या सुमाराला, लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर त्यानं तिला कोयत्यानं मारलं. मी ते बघितलं नाही. मी ऑफिसात चहा पीत होते. तो मेसच्या मागच्या दारानं तुझ्याकडं आला. नंतर तूच मला सांगितलंस, तो एवढंच म्हणाला, "आये, पाणी दे." तू पाणी दिलंस. त्याचा शर्ट बघितलास. म्हणालीस, "कोठीत जा, कोण बघंल." तो आत गेला आणि तू बाहेरून कडी घातलीस. मग बोळ ओलांडून माझ्याकडं आलीस.

"शमे, फोन लाव. पोलिसास्नी लाव. माझी बोटं चालंनात."

मी लावला. आवाज माझा होता. तुझा पिठाचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो इतका जड होता की मला खुर्चीतून उठता आलं नसतं. फोन झाल्यावर तू परत जाऊन कोठीच्या दाराला पाठ लावून खाली बसलीस. मी तुझ्या मागोमाग आले. आतून तो दार बडवत होता. "आये, उघड की! आये, मी तुझा न्हवं काय?" तू माझ्याकडं बघून विचारलंस, "ती पोर हाय का जित्ती? तेवढं बघून ये."

नव्हती, शालन. मी बघून आले आणि तुला मान हलवून सांगितलं. तू पदर तोंडात कोंबलास आणि पोलीस येईपर्यंत त्या दारावरून हलली नाहीस.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यात पोलीस कोठी उघडतात, सुहासला ओढून बाहेर काढतात आणि शेजारी तू उभी आहेस. एवढंच. त्यावर लिहिलेलं: नराधमाला कोठीत लपवणारी आई. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोल्हापूरच्या हातात तो व्हिडिओ होता. माझ्या सुनेनं मला जेवताना दाखवला. "असली आई असती व्हय!" ती म्हणाली. माझ्या तोंडात घास होता. तो गिळून मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी शहर बंद. मोर्चा. मयूरीचा फोटो लावलेला मोठा फलक होता, आणि त्यावर तिच्या फोटोपेक्षा मोठे फोटो होते ते पुढाऱ्यांचे, हात जोडलेले. टेंपोवर चढून एक जण ओरडला, "आईलाबी फासावर द्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मीही त्या गर्दीत होते. माझ्या हातात मेणबत्ती होती. माझ्या शेजारच्या बाईनं दुसरीला हळूच विचारलं, "पण ती पोरगी तरी त्या मागच्या पायऱ्यांवर काय करत होती गं?" दुसरी म्हणाली, "तेच की." मग दोघींनी मिळून मेणबत्त्या वर धरल्या, कारण कॅमेरा आला होता.

मुलींनी निवेदन दिलं की तुझ्या परातीतलं, तुझ्या तव्यावरचं त्या खाणार नाहीत. तुझी परात, तवा, पीठ चाळायची चाळण, सगळं भंगारात निघालं. ते फाटकाबाहेर न्यायची चिठ्ठी मी लिहिली. नेसरीची ती उंच मुलगी आठवते? टायफॉइड झाला तेव्हा जिला तू दहा दिवस पेज भरवलीस? ती पुढं उभी राहून परात फेकतानाचं शूटिंग करत होती. मला तिचा राग आला. रागाला माझ्याकडं जागा कुठून होती कोण जाणे.

तुझ्या सासरच्यांना मात्र खरं माहीत होतं. सुहासनंच कोठडीतून सांगितलं होतं, आईनं कोंडून धरून दिलं म्हणून. तुझा दीर आला, तुझं गाठोडं रस्त्यावर ठेवलं आणि म्हणाला, "पोटच्या पोराला पोलिसात दिलंस. तू आई न्हवंस, हडळ हायस." म्हणजे ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी खऱ्यासाठी तुला हाकललं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी खोट्यासाठी. पोलिसांच्या कागदावर फोन वसतिगृहाच्या ऑफिसातून आला एवढीच नोंद होती. तो कुणी लावायला सांगितला, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

चौकशी समिती बसली. आत जायच्या आधी आपण दोघी जिन्यात उभ्या होतो. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "तू कायबी बोलू नगंस. मी तुला ह्यात वढणार न्हाय. तुझ्या गल्लीत लहान पोरं हायत. ह्या लोकास्नी फकस्त निमित्त पायजे." तू बरोबर बोललीस. शालन नावाच्या बाईच्या घरावर दगड पडतात. शमशादच्या वेळी सबंध गल्लीवर पडले असते. हे खरं आहे. पण हे खरं मला फार सोयीचं पडलं, हेही तितकंच खरं. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. मला कोपऱ्यावरच्या दुकानात मान वर करून जायचं होतं.

आत मला विचारलं, "काही तक्रार आली होती?" मी वही पुढं केली. नळ गळतो. साहेब "ठीक आहे" म्हणाले.

तुला विचारलं, "मुलगा मुलीच्या मागं होता, हे तुम्हाला माहीत होतं?" तू म्हणालीस, "ठावं हुतं. मी त्याला मारलं. पण कुणाला सांगितलं न्हाय." मी दारातच उभी होते. कुणाला सांगितलं न्हाय! तू माझ्याकडं बघितलंदेखील नाहीस.

ते वाक्य तासाभरात बाहेर पोचलं. फाटकावर लोक जमलेच होते. "हिला म्हाईत हुतं!" तू बाहेर पडलीस तेव्हा मी खिडकीत होते. पहिल्यांदा चप्पल आली, मग दगड. दगड पायाला लागला. तू खाली बसलीस, पायावर हात धरलास. एक माणूस हसत म्हणाला, "नाटक बघा म्हातारीचं." तू बावन्न वर्षांची होतीस.

महिन्याभरानं विद्यापीठात कार्यक्रम झाला. वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांनी दाखवलेल्या सतर्कतेमुळे आरोपी तासाभरात सापडला, असं निवेदक म्हणाला, आणि माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ. मला तिथं माईक दिला होता. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, "मी फक्त माझं कर्तव्य केलं." टाळ्या झाल्या. ती शाल माझ्या कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मी हुपरीला तुझ्याकडं एकदाच आले. तुझ्या भावानं तुला मागच्या खोलीत ठेवलं होतं. पुढं त्याची माणसं चांदी ठोकत होती, आणि मागं तू एकटी, पैंजणांना घुंगरं जोडत. लग्नाआधी हेच काम करायचीस, हात विसरले नव्हते. पायाला फडकं गुंडाळलेलं. साखर होती तुला, जखम भरत नव्हती. खोलीत वास होता. तू म्हणालीस, "माझ्या हातची भाकरी कुणाला चालत न्हाय, पण पैंजणं चालत्यात बघ. बाजारात गेल्यावर त्यास्नी काय कळतंय, कुणी केल्यात." आणि हसलीस. तुझे पुढचे दोन दात गेले होते.

मी म्हटलं, "पाय दाखवायला चल."

"गेलते की. रांगेत एका बाईनं वळखलं. वरडाय लागली, ही तीच, ही तीच. माझ्या म्होरल्या म्हातारीनं आपली चिठ्ठी माझ्या अंगाला लागू ने म्हणून मागं घेतली. मी आले उठून."

"मी येते बरोबर."

तू चिमट्यातलं घुंगरू पैंजणाला जोडलंस. मग म्हणालीस, "शमे, तू पाय बघाय आली न्हाईस. खटला उभा राहील तवा मी काय बोलीन, ते बघाय आलीयास. न्हवं?"

शालन, मी त्यासाठीच आले होते. येताना बसमध्ये हेच घोकत आले होते की कसं विचारू.

"जा घरला," तू म्हणालीस. "कोर्टात बी म्या त्येच सांगणार हाय. कुणाला सांगितलं न्हाय."

मी उठले. माझे पाय उंबऱ्यापाशी अडखळले, पण थांबले नाहीत. दिवसभर मला सुटल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी सुनेला सांगून मटण आणवलं. अशी मी. त्यानंतर सात महिने मी फिरकले नाही. तो पाय कुजत गुडघ्यापर्यंत गेला, हे मला त्या भाजीवालीनं सांगितलं. जाळायला चार माणसं होती. सुहासला कळवलं, तर तो म्हणाला म्हणे, माझी आई त्या दिवशीच मेली.

तू मेल्यावर मी रडेन असं वाटलं होतं. मला आधी आठवलं ते हे, की आता 'कुणाला सांगितलं न्हाय' हे वाक्य कोर्टात बोलायला कुणी उरलं नाही. सरकारी वकिलांना भेटले. वहीतलं ते पान दाखवलं. तारीख एका शाईत आणि नळ दुसऱ्या शाईत, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाई, आजवर का नाही?" मी म्हटलं, "तिनं झाकलं होतं. आता झाकायला कोण नाही." जबाब लिहून सही केली. कामावरून मला घरी बसवलंय. मुलगा माझ्याशी बोलत नाही. सून नातवंडांना घेऊन माहेरी गेलीय, दगड यायच्या आत. अजून आलेले नाहीत. आले तर तू म्हणालीस ते खरं होईल. नाही आले तर मी तुला चौदा महिने फुकट जळू दिलं. दोन्हींतलं कुठलं मागावं, मला कळत नाही.

काल मी मयूरीच्या घरी गेले. गगनबावड्याला उतरून तासभर चालत. तिची आई अंगणात गोवऱ्या लावत होती. सडपातळ, मयूरीसारखंच कपाळ. मी कोण ते सांगितलं, तर तिनं घोंगडं टाकलं, बस म्हणाली. मला मोर्चातली, सत्काराची बाई समजली. मी उभ्यानंच बोलले. मयूरी माझ्याकडं आली होती हे सांगितलं. मी लिहिलं नाही हे सांगितलं. मग तुझं. कडी तू घातलीस, फोन तू लावायला लावलास, आणि तू मेलीस.

ती शेवटच्या शब्दाशी म्हणाली, "मेली व्हय? बरं झालं."

मग ती थांबली. हातातलं शेण तसंच होतं. माझं आधीचं बोलणं तिच्यापर्यंत आता पोचत होतं, ते मला दिसलं.

"तिनं सोताच्या पोराला कोंडला?"

"हो."

"आणि माझी मयू तुझ्याकडं आलती."

"हो."

"रोज दिवा लावताना," ती म्हणाली, तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, "मी त्या बाईचं नाव घिऊन मागत हुते. तिला कुजवून मार म्हणून. चौदा म्हैनं. एक दिस चुकवला न्हाय." तिनं हात पुसले. "आदी सांगितलं असतंस, तर तिचं घेतलं नसतं. तुझं घेतलं असतं."

मी काही मागितलं नाही. माफीसुद्धा नाही. तिनं घोंगडं उचलून झटकलं आणि आत नेलं. मी परत निघाले.

आज दिवेलागणीला ती माझं नाव घेत असेल, शालन. घेऊ दे.